अ‍ॅम्पप्रमाणमीमांसा, अर्थात जुना ट्यूब अ‍ॅम्प ओळखावा कसा व घ्यावा कसा

जुना ट्यूब अ‍ॅम्प विकत घेताना तो वाजवून पाहावा, असे मत प्रचलित आहे. या मताचे खंडन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पूर्वपक्ष असा. अ‍ॅम्प म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारे यंत्र. यंत्राची पारख त्याच्या कामावरून करावी. याचे काम आवाज. तेव्हा आवाज ऐकावा, आवडला तर पैसे मोजावेत आणि घरी न्यावा. वरवर पाहता हे बिनतोड वाटते, आणि गिटार वाजवणारे बहुतेक लोक याच पक्षाचे असतात. परंतु गिटार वाजवणारा या वादात पक्षकार आहे. त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

उत्तरपक्ष. आवाज ट्यूबवर (आपल्याकडे जिला व्हॉल्व्ह म्हणतात) ठरतो, आणि ट्यूब उपसून दुसरी खोचायला मिनिटभर लागते. आवाज स्पीकरवर ठरतो. स्पीकर चार स्क्रूंचा गुलाम आहे. आवाज खोलीवर ठरतो, आणि खोली विक्रेत्याची असते. आवाज वाजवणाऱ्याच्या बोटांवर ठरतो, आणि विक्रेत्याच्या घरी नेमका एखादा पुतण्या असतो जो लाकडी फळीवरही सुरेल वाजवील. शिवाय ऐकणाऱ्याने मनातल्या मनात अ‍ॅम्प कधीच विकत घेतलेला असतो, त्यामुळे त्याला तो गोडच ऐकू येतो. सबब आवाज हे प्रमाण नव्हे.

मग प्रमाणे कोणती? आपल्या नैयायिकांनी चार सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ती मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अ‍ॅम्प नव्हता, डोंगरावरचा धूर होता. परंतु धूर हा विषय या शास्त्राला परका नाही, हे पुढे व्यवहाराच्या प्रकरणात दिसेल.

विषयव्याप्ती

जुने अ‍ॅम्प पुष्कळ कंपन्यांनी बनवले. येथे मुख्यतः अमेरिकेतल्या फेंडरचा विचार केला आहे. फेंडर सर्वांत गोड वाजतात म्हणून नव्हे (तो आवाजाचा प्रश्न झाला, आणि आवाज आपण नुकताच बाद केला), तर फेंडरच्या अंगावर आकडे आणि अक्षरे भरपूर सापडतात म्हणून. ज्या वस्तूवर काही लिहिलेले नाही तिच्यावर विद्वत्ता चालत नाही. ती फार तर वापरता येते.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने तिथे दुकान काढले. लोक बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन येत, तो ते उघडून बसे, आणि कुठली वस्तू कुठे मोडते हे त्याला बनवणाऱ्यांच्या आधी कळे. १९४५ मध्ये डॉक कॉफमनबरोबर के अँड एफ या नावाने धंदा सुरू केला. ती भागीदारी वर्षभरातच सुटली आणि १९४६ पासून पेटीवर फेंडर हे नाव आले. त्यानंतरची दोन दशके त्याने जगातल्या गिटारवाल्यांना अ‍ॅम्प पुरवले. स्वतः लिओला गिटार वाजवता येत नसे. पूर्वपक्षाने या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

शब्द

चारांतले सर्वांत दुबळे प्रमाण आधी निकालात काढू. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला खरे ठाऊक आहे आणि जो खरे सांगू इच्छितो अशा माणसाचा. विक्रेता या दोन अटींपैकी एका वेळी एकच पुरी करतो. ज्याला ठाऊक असते तो सांगत नाही, आणि जो मोकळेपणाने सांगत सुटतो त्याला ठाऊक नसते.

अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या वचनांचे दोन मोठे संप्रदाय आहेत. पहिला चर्चकथेचा. अ‍ॅम्प काकांचा होता, काका फक्त रविवारी चर्चमध्ये वाजवत. या कथेत काका नेहमी वारलेले असतात, चर्च नेहमी छोटे असते, आणि व्हॉल्यूमचे बटण तीनच्या पुढे कधी सरकलेले नसते. दुसरा संप्रदाय कपाटकथेचा. मुलासाठी अ‍ॅम्प आणला, मुलाने दोन शिकवण्या केल्या, अ‍ॅम्प कपाटात गेला, मुलगा वकील झाला. प्रस्तुत लेखकाचा कल कपाटकथेकडे आहे, कारण गिटार सोडून देणारी मुले हा इतिहासाने सिद्ध केलेला वर्ग आहे; रविवारपुरते हळू वाजवणारे गिटारवादक मात्र अजून सिद्ध व्हायचे आहेत.

किरकोळ वचनांपैकी दोनच घेतो. ‘चालू करून पाहिलेला नाही’ याचा अर्थ चालू करून पाहिलेला आहे. ‘थोडेसे काम निघेल’ यातले थोडेसे किती, हे विक्रेत्याने ते स्वतः का करून घेतले नाही यावरून काढावे.

प्रत्यक्ष

डोळ्यांना दिसते ते आधी कापड. अगदी सुरुवातीच्या, १९४६ ते १९४८ च्या पेट्या नुसत्या पॉलिश केलेल्या लाकडाच्या. त्यानंतर १९६० च्या आसपासपर्यंत सुटकेसला लावत तसले पिवळसर, तिरप्या विणीचे सुती कापड; त्याला जग ट्वीड म्हणते. मग टोलेक्स नावाचे व्हिनाइल आले, आधी तपकिरी आणि फिकट, आणि १९६३-६४ पासून काळे. बटणांची पट्टी काळी असेल तो ब्लॅकफेस, १९६७ पर्यंत. पट्टी चंदेरी असेल तो सिल्व्हरफेस, १९६८ पासून १९८१ पर्यंत; त्यातही जाळीच्या कापडाभोवती अ‍ॅल्युमिनियमची बारीक कड असेल तर तो पहिल्या एक-दोन वर्षांतला. एवढे पाठ झाले की नवशिका स्वतःला जाणकार समजू लागतो, आणि नेमक्या याच पायरीवर त्याची विक्रेत्याशी गाठ पडते.

कारण पट्टीला धरून ठेवतात ते पॉटचे, म्हणजे बटणांमागच्या फिरत्या रोधकांचे, आणि जॅकचे नट. नट सोडवले की युग बदलते. १९६८ चा चंदेरी अ‍ॅम्प एका दुपारी १९६६ चा काळा होऊ शकतो. नवी काळी पट्टी विकत मिळते, जाळीचे कापडही मिळते, आणि नव्या कापडाला जुनेपणाचा पिवळट रंग देण्याचे काम चहा नेकीने करतो.

या काळविभागणीचा खरा वाद मात्र रंगाचा नाही. जानेवारी १९६५ मध्ये लिओने आपली कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरना विकली. तेव्हापासून जगातील सर्व फेंडर वस्तूंचे सीबीएसपूर्व आणि सीबीएसोत्तर असे दोन वर्ग पडले. पहिल्या वर्गाला जास्त पैसे पडतात. यामागचे तत्त्व असे की मालकी बदलल्यामुळे सोल्डरला धक्का बसतो. आता, विक्रीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीत, त्याच बाकांवर, त्याच बायका त्याच वायरी जोडत होत्या, हे कोणी नाकारत नाही. सर्किटमधले बदल बऱ्याच काळाने आले, हेही कोणी नाकारत नाही. पण शास्त्राला सीमारेषा लागते, आणि एक कोटी तीस लाखांची सीमारेषा रोज मिळत नाही. पट्टीवरचा मजकूर ‘फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी’ होता तो ‘फेंडर म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स’ झाला, आणि तोही १९६५ उजाडताक्षणी नव्हे, जुन्या पट्ट्या संपत गेल्या तसतसा. म्हणजे पट्टीवर जुने नाव असूनही अ‍ॅम्प सीबीएसोत्तर असू शकतो. असल्या अ‍ॅम्पच्या मालकाला हे सांगताना अंतर राखून उभे राहावे.

अनुमान

इथे शास्त्राला खरी सुरुवात होते. विक्रेत्याकडून परवानगी घेऊन मागची फळी उघडावी. परवानगी न मिळाल्यास टोपी घालून निघावे. जो फळी उघडू देत नाही त्याच्या कथा ऐकण्यात अर्थ नाही.

पेटीच्या आत एक कागद चिकटवलेला असतो, ट्यूब चार्ट. कुठल्या जागी कुठली ट्यूब बसवावी ते त्यावर छापलेले असते आणि सोबत सर्किटचा क्रमांक. पन्नाशीच्या दशकातल्या पद्धतीत पहिला आकडा दशकाचा, मधले अक्षर आवृत्तीचे आणि शेवटचा आकडा मॉडेलचा. चॅम्प एक, प्रिन्स्टन दोन, डिलक्स तीन, सुपर चार, प्रो पाच, बासमन सहा, बँडमास्टर सात, ट्विन आठ. म्हणून ५एफ१ म्हणजे पन्नाशीतला, एफ आवृत्तीचा चॅम्प: एक १२एएक्स७ आणि एक ६व्ही६ ट्यूब, एक रेक्टिफायर, पाचेक वॉट आणि आठ इंची स्पीकर. ५एफ६-ए म्हणजे बासमन, दहा इंची चार स्पीकरांचा. ही पद्धत इतकी स्वच्छ होती की तिच्यात विद्वानांना काही कामच उरत नव्हते. सुदैवाने कंपनीने साठीच्या दशकात ती बदलली. एबी७६३ या क्रमांकात ७६३ म्हणजे १९६३ सालचा सातवा महिना. पहिली पद्धत मनात धरून दुसरीकडे गेलेला संशोधक सातशे त्रेसष्टावे मॉडेल शोधत बसतो. शिवाय एबी७६३ हा एकच क्रमांक डिलक्स रिव्हर्बवर आहे, सुपर रिव्हर्बवर आहे आणि ट्विन रिव्हर्बवरही आहे.

याच कागदावर शाईने उठवलेली दोन अक्षरे शोधावीत. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, असे करत क्यू म्हणजे १९६७ पर्यंत. महिने ए ते एल. आय हे अक्षर एकासारखे आणि ओ शून्यासारखे दिसते म्हणून शहाणे लोक ती दोन्ही टाळतात. फेंडरने टाळली नाहीत. १९५९ साल आय आहे आणि १९६५ साल ओ. ज्या वर्षी कंपनी विकली गेली नेमके तेच वर्ष शून्यासारखे दिसावे यात कोणाला संकेत दिसेल. आम्हाला दिसत नाही.

पण कागदावर किती भरवसा ठेवायचा? कागद गठ्ठ्याने छापत आणि संपेपर्यंत लावत. १९६८ च्या सुमाराच्या कित्येक अ‍ॅम्पमध्ये कागदावर जुने सर्किट आणि आत नवे, अशी स्थिती आहे. शिवाय कोरे करकरीत जुने चार्ट आता छापून विकत मिळतात. तेव्हा कागद सोडून धातूकडे वळावे.

ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि पॉट हे फेंडर स्वतः बनवत नसे, विकत घेई. अमेरिकेतल्या पुरवठादारांना तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स व्यवसायाच्या संघटनेने क्रमांक दिलेला असे आणि तो ते मालावर ठोकत. २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, ३२८ यूटा, ६०६ शूमाकर, ३०४ स्टॅकपोल, १३७ सीटीएस. पुरवठादाराच्या क्रमांकामागून वर्ष आणि आठवडा. आता ट्रान्सफॉर्मरवर ६०६-५-३० असे आढळले, तर शूमाकरने तो पाचव्या वर्षाच्या तिसाव्या आठवड्यात बनवला हे निर्विवाद. प्रश्न एवढाच की पाचवे म्हणजे १९५५, १९६५ की १९७५? आठवड्यापर्यंत अचूक आणि दशकाबाबत मौन, असा हा पुरावा आहे. एखाद्या साक्षीदाराने खून दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी झाला असे छातीठोक सांगावे आणि साल विचारताच खाली मान घालावी, तसे.

म्हणून एका आकड्यावर विसंबू नये, सगळे जमवावेत. समजा समोर काळा डिलक्स रिव्हर्ब आहे. विक्रेता म्हणतो १९६४ चा, सीबीएसपूर्व. पट्टीवर जुने नावही आहे. ट्रान्सफॉर्मर ६०६-५-३०. ऑक्सफर्डचा बारा इंची स्पीकर ४६५-५-३३. पॉट १३७-६५-२२, पॉटवर वर्षाचे दोन आकडे आहेत, ही देवाची कृपा. कागदावर ओ आणि आय. आता विचार करा. वस्तू तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. इतिहासकार हिलाच पूर्वसीमा म्हणतात. स्पीकर ऑगस्ट १९६५ च्या मध्यावर तयार झाला. तो फुलर्टनला पोचला, बसला, आणि कागदावर सप्टेंबर १९६५ चा शिक्का पडला. सगळे जुळते. अ‍ॅम्प सीबीएसोत्तर आहे, मालकी बदलून आठ महिने लोटल्यानंतरचा. विक्रेत्याच्या वचनाचे खंडन झाले आणि त्याबरोबर किमतीचेही.

याला एक गाजलेला अपवाद आहे तो १९६६. सीबीएसने त्या सालचे पॉट इतक्या मोठ्या संख्येने घेऊन ठेवले की ते पुढची काही वर्षे पुरले. त्यामुळे पॉटच्या साक्षीवरून पाहिले तर १९६६ हे साल १९६९ पर्यंत चालू होते. पूर्वसीमेचा नियम यात मोडत नाही, फक्त लोंबकळतो. अनुमान करणाऱ्याने पॉटवर ६६ दिसल्याबरोबर आनंद आवरावा आणि स्पीकरकडे पाहावे. स्पीकर मोठा असल्यामुळे साठवून ठेवायला जागा लागते, आणि म्हणून तो अधिक सत्यवादी असतो.

काही जुन्या चॅसींच्या, म्हणजे सर्किट धरून ठेवणाऱ्या धातूच्या सांगाड्यांच्या, आत मास्किंग टेपचा तुकडा चिकटवलेला सापडतो, त्यावर पेनने एक नाव. ज्या बाईने ते सर्किट जोडले तिचे, फक्त पहिले नाव. कंपनीचे नाव पट्टीवर चकाकत्या अक्षरांत आहे आणि तरी त्यावर कोणाचा विश्वास नाही. या पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीवर मात्र सगळे विद्वान डोळे मिटून विश्वास ठेवतात. कारण सरळ आहे. ती दाखवण्यासाठी लावलेली नव्हती. या शास्त्रात दाखवण्यासाठी केलेले सर्व काही संशयास्पद आणि न दाखवण्यासाठी केलेले सर्व काही पुरावा: पॉटच्या पाठीवरचा ठसा, स्पीकरच्या कडेवरचे आकडे, कधी गरम न झालेला सोल्डरचा थेंब, स्क्रूच्या खाचेतला मळ. मळ पुसून अ‍ॅम्प विकायला काढणारा मनुष्य स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करत असतो आणि त्याला वाटते की आपण किंमत वाढवली.

मार्शलच्या आकड्यांविषयी

इंग्लंडमधल्या मार्शलचे प्रकरण येथे केवळ सावधगिरी म्हणून घालतो. पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला जिम मार्शलचे ड्रमचे दुकान होते. अमेरिकन अ‍ॅम्प तिथे महाग पडत, म्हणून केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी १९६२ मध्ये फेंडरच्या ५एफ६-ए बासमनवरून एक अ‍ॅम्प उभा केला. तोच जेटीएम४५. ५एफ६-ए चे जे फेंडरला जमले नाही ते मार्शलने केले, असे इंग्रज म्हणतात. अमेरिकन काय म्हणतात ते छापण्याजोगे नाही.

पुढे रोझ-मॉरिस या वितरकाने १९६५ पासून मार्शलच्या मालाला आपल्या यादीचे क्रमांक दिले, आणि कालगणनेवर मोठे संकट आले. १९५९ नावाचा शंभर वॉटचा अ‍ॅम्प १९५९ सालचा नाही. तेव्हा मार्शल कंपनीच नव्हती. १९६२ नावाचा कॉम्बो (एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर) १९६२ सालचा नाही. जॉन मेयॉलच्या १९६६ च्या अल्बमवर एरिक क्लॅप्टन जो वाजवतो तो हा. १९७४ हा अठरा वॉटचा छोटा कॉम्बो साठीच्याच दशकातला. १९८७ हा पन्नास वॉटचा, तोही साठीतला. १९६० हा तर अ‍ॅम्पच नव्हे, नुसती स्पीकरची पेटी. आणि २२०३ हा अ‍ॅम्प १९७५ साली आला, म्हणजे नावाच्या सव्वादोनशे वर्षे आधी. ‘अस्सल १९५९ मार्शल, १९७२ सालचा’ ही जाहिरात वाचून जो हसतो तो अडाणी आणि जो हसत नाही तो तज्ज्ञ, अशी या क्षेत्रातली परीक्षा आहे.

फेंडरप्रमाणे मार्शलनेही पुढे वर्षाला अक्षर दिले: १९७१ ला सी, १९७२ ला डी. आय आणि ओ मात्र सोडून दिले. ड्रमवाल्यांना मोजणी येते.

प्रक्षेपविचार

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. देशभरातली हस्तलिखिते ताडून पाहायची, मूळ पाठ ठरवायचा आणि मागाहून घुसलेले श्लोक वेगळे काढायचे. जुना अ‍ॅम्प उघडणाऱ्यालाही हेच करायचे असते. बदललेला प्रत्येक भाग हा प्रक्षेप. तो ओळखायची खूण अशी: सोल्डर चकचकीत असतो, वायरीचा रंग जुळत नाही, आणि सुती आवरणाच्या वायरींच्या घोळक्यात एखादी प्लॅस्टिकची वायर उपऱ्यासारखी उभी असते.

इथवर व्यासाचे आणि फेंडरचे जुळते. पुढे फाटते, आणि ते कंडेन्सरपाशी. वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून ओले असतात. वीस-तीस वर्षांत ते सुकतात, फुगतात, गळतात. अ‍ॅम्प घुमू लागतो आणि पुढे ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. म्हणजे मूळ पाठ जपला तर ग्रंथ जळतो. यावर दोन पंथ आहेत. मूळपंथी म्हणतात की साठ वर्षांचा कंडेन्सर जागेवर असलेला अ‍ॅम्प तोच खरा. त्याला कधीही चालू करू नये. सुधारक म्हणतात की बदलावेत आणि वाजवावे. सुधारकांचे बरोबर आहे, आणि बाजारभाव मूळपंथीयांच्या बाजूने आहे.

तडजोड म्हणून एक प्रथा पडली आहे. काढलेले जुने कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवायचे आणि विकताना ती पिशवी ग्राहकाच्या स्वाधीन करायची. भांडारकर संस्थेने मूळ पाठ वर छापला आणि प्रक्षेप परिशिष्टात दिले. इथे प्रक्षेप वर काम करतात आणि मूळ पाठ परिशिष्टात पडून असतो. पिशवी हरवली तर किंमत उतरते. पिशवीतला एकही भाग पुन्हा कधी वापरला जाणार नसतो.

दोन पिनांच्या मूळ वायरीविषयी मात्र प्रस्तुत लेखक कोणाचेही ऐकून घेणार नाही. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्पना अर्थिंग नसे. वीजवाहिनी आणि चॅसी यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर लावलेला असे. तो निकामी झाला की चॅसीत वीज उतरते, चॅसीतून गिटारच्या तारांत, आणि गाणाऱ्याचे ओठ मायक्रोफोनला लागले की सर्किट पूर्ण होते. दुरुस्ती करणारे त्याला मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. तो काढून तीन पिनांची वायर लावलेली असेल तर मूळपणात उणे धरू नये. मेलेला ग्राहक वाद पुढे चालवू शकत नाही. त्याच कारणासाठी चॅसीत स्वतः हात घालू नये: डिलक्स रिव्हर्बसारख्या मध्यम अ‍ॅम्पमध्येही चारशेच्या वर व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यानंतरही कंडेन्सर ते धरून बसतात. आकडे वाचायला टॉर्च पुरे.

राहिलेले प्रमाण उपमान, म्हणजे अस्सल नमुन्याशी ताडून पाहणे, याविषयी फार लिहिण्याजोगे नाही. ताडायला घेतलेला अस्सल नमुना अस्सल कशावरून, असा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर तिसऱ्या अ‍ॅम्पकडे बोट दाखवते.

ट्यूबविचार

ट्यूबवरून अ‍ॅम्पचे वय काढू नये. सेलवरून घड्याळाचे वय कोणी काढत नाही. तरी ट्यूबना स्वतःचे शास्त्र आहे आणि ते मोह पाडणारे आहे. अमेरिकन नावात पहिला आकडा हीटरच्या व्होल्टचा: १२एएक्स७ बारा व्होल्टची, ६व्ही६ सहा व्होल्टची. युरोपीय नावात ते काम अक्षर करते. ईसीसी८३ मध्ये ई म्हणजे ६.३ व्होल्ट आणि दोन सी म्हणजे दोन ट्रायोड. ईएल३४ मधला एल म्हणजे पॉवर पेंटोड. ईसीसी८३ आणि १२एएक्स७ ही एकच ट्यूब, तरी एकीचा हीटर सहा व्होल्टचा आणि दुसरीचा बारा असे नावे सांगतात. दोन्ही खरे आहे: हीटरचे दोन भाग समांतर जोडले तर सहा, एकापुढे एक जोडले तर बारा. इतकी समन्वयवादी वस्तू तत्त्वज्ञानातही विरळा.

लँकेशायरच्या ब्लॅकबर्नमधल्या मुलार्ड कारखान्याच्या ट्यूबना आज मोठी किंमत येते. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओच्या ट्यूब बनवल्या, आणि त्या शिक्क्याच्या ट्यूब आता परदेशातले शौकीन शोधत असतात. महाराष्ट्रात ज्यांनी घरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ भंगारात दिला त्यांनी पुढचा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल.

ट्यूब जिवंत आहे की नाही हे काचेच्या माथ्यावरून कळते. आत शिल्लक राहिलेली हवा शोषायला बेरियमचा लेप दिलेला असतो. तो आरशासारखा चंदेरी असेल तर ट्यूब शाबूत. दुधाळ पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, ट्यूब गेली. चालू असताना नारिंगी उजेड ठीक. काचेच्या आतल्या अंगावर निळसर झाक दिसली तर तीही ठीक, घाबरू नये. आतला धातूचा पत्रा लाल होऊ लागला तर ठीक नाही. तिथे विचार थांबवून स्विच बंद करावा.

व्यवहार

आता धूर. अमेरिकन फेंडर १२० व्होल्टवर चालतो. मुंबईत, पुण्यात, पणजीत भिंतीतून २३० येतात. परदेशी नातेवाइकाने हौसेने पाठवलेला ट्विन रिव्हर्ब प्लगला नुसता अ‍ॅडॉप्टर लावून सुरू केला, तर जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती दिवाणखान्यात सिद्ध होते. अ‍ॅडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो, आणि तो घेताना अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटपेक्षा बराच मोठा घ्यावा. जो दुकानदार ‘एवढा पुरतो हो’ म्हणतो त्याला शब्दप्रमाणाच्या प्रकरणात टाकावे. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. त्यामुळे मूळ ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. मूळपंथी याला हवामानातला फरक म्हणतात.

खरेदीच्या दिवशी टॉर्च, वही, पेन्सिल आणि सोबतीला गिटार न वाजवणारा एक माणूस न्यावा. आकडे आधी उतरवून घ्यावेत आणि तोंडाने काही बोलू नये. विक्रेता विचारील, काय निघाले? ‘बघतो’ एवढेच म्हणावे. पूर्वसीमा मनात ठरली की किंमत सांगावी, आणि प्रत्येक प्रक्षेपाचे पैसे वेगळे वजा करावेत. कंडेन्सरचे कमी, स्पीकरचे जास्त, ट्रान्सफॉर्मरचे सर्वांत जास्त. पिशवी आहे का ते विचारावे.

सौदा ठरल्यावर पूर्वपक्षाच्या समाधानासाठी अ‍ॅम्प चालू करायला हरकत नाही. पेन्सिलीच्या टोकाने छोट्या ट्यूबवर हलके टिचकावे. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती ट्यूब बदलायची आहे, तिचेही पैसे वजा. मग बंद करून थंड होऊ द्यावा, ट्यूब काढून कोणती कुठल्या सॉकेटमधली ते चिठ्ठीवर लिहून कापडात गुंडाळाव्यात. ट्विन रिव्हर्ब तीस किलोच्या आसपास भरतो, त्याला हँडल एकच आणि तेही वर. तो दोघांनी उचलावा. पैसे अ‍ॅम्प गाडीत चढल्यावर द्यावेत, नाहीतर उचलायला दुसरा माणूस उरत नाही.